तेल बदललं, पातळी चुकली: एका ऑटोमॅटिक क्रेटाचं प्रकरण

गाडी ह्युंदाई क्रेटा, २०१७ सालची, १.६ पेट्रोल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. मीटरवर ८८,००० किमी. रोजची ये-जा ठाण्याहून घोडबंदर रोडने अंधेरीला, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ ब्रेकवर पाय आणि गाडी रांगत. एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं तेल बदललं. बिलावर लिहिलं होतं ‘एटीएफ एसपी-४, साडेतीन लिटर’; एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, एसपी-४ हा त्याचा दर्जा. त्यानंतर आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या आणि गाडी आमच्याकडे आली. गाडी एक धरली आहे ती नमुन्याला; अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्या पुष्कळ असतात आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. प्रक्रिया आणि आकडे मात्र याच गिअरबॉक्सचे आहेत.

तक्रारी तीन. सकाळी पहिल्यांदा ‘आर’ (रिव्हर्स) टाकला की दोन सेकंद काहीच होत नाही, मग गाडी हिसका देऊन मागे येते. सोसायटीच्या तळघरातून रॅम्प चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. आणि दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरात जाताना आरपीएमचा काटा क्षणभर वर उडतो, जसा मॅन्युअल गाडीत क्लच अर्धवट दाबल्यावर उडतो. तेल बदलण्यापूर्वी यातलं काहीही नव्हतं.

अशा वेळी मालकाच्या कानावर पडणारं ठरलेलं उत्तर असतं: ‘जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदलायचंच नसतं, बदललं की गिअरबॉक्स जातो.’ या एका समजुतीपायी कित्येक गाड्या लाख-दीड लाख किमी मूळ तेलावर चालतात आणि मग खरोखरच जातात. त्यामागे एवढंच खरं आहे की क्लचप्लेट आधीच झिजून घसरत असतील, तर नवं तेल त्यांना वाचवत नाही आणि दोष उघडा पडतो. पण या गाडीचा गिअरबॉक्स आधी नीट चालत होता. धडधाकट गिअरबॉक्स तेल बदलल्यावर आठवड्यात घसरायला लागला, तर संशय घ्यायचा तो कामावर, तेलावर नव्हे.

मॅन्युअल गिअरबॉक्समधलं तेल दात आणि बेअरिंग ओली ठेवतं. पाव लिटर कमी-जास्त झालं तरी गाडी तक्रार करत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल चार कामं करतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. क्लच दाबून धरणारा दाब तेलाचाच. उष्णता बाहेर नेणारंही तेच. आणि क्लचप्लेट एकमेकींना किती घट्ट, किती हळुवार पकडतील हे तेलातली रसायनं ठरवतात. पंपाला तेलाबरोबर हवा मिळाली की दाब पडतो, दाब पडला की क्लच घसरतो, घसरला की जळतो. म्हणून इथे पातळी हाच कामाचा गाभा आहे. तेल ओतणं कोणालाही जमतं.

आणि या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. तळाला खोलता येईल असा पॅनही नाही; झडपांचा भाग पुढच्या बाजूला एका झाकणाआड बसतो आणि फिल्टर आतच असतो, नियमित कामात त्याला हात लावायचा नसतो. बाहेरून दिसतात त्या तीन जागा: खाली ड्रेन प्लग, झाकणावर पातळी तपासायचा प्लग, आणि वर, एअर फिल्टरचा डबा बाजूला केल्यावर सापडणारा भरण्याचा बोल्ट. पातळीचा प्लग काढला की त्या भोकाच्या वरचं तेल बाहेर वाहतं आणि बरोबर पातळीला धार बारीक होते. कल्पना सोपी आहे, पण ती खरी ठरते ती ठरावीक अटींवरच: गाडी चारही चाकांवर सपाट, इंजिन चालू, आणि तेल ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. यातली एकही अट सुटली की भोकातून बाहेर येणारं तेल खोटं बोलतं.

तपास असा झाला. आधी डोळ्यांनी: ड्रेन प्लग कोरडा, कुलरचे पाइप कोरडे, दोन्ही ॲक्सलच्या सीलपाशी ओल नाही. म्हणजे तेल गळून गेलेलं नाही. मग स्कॅनर: दिवा लागलेला नव्हता, पण पी०७३३ हा कोड साठलेला. याचा अर्थ तिसऱ्या गिअरात आत येणारी आणि बाहेर जाणारी गती जुळली नाही, क्लच घसरला. कोड बघून गिअरबॉक्स उतरवायचा निर्णय घेणारे घेतात. पण पातळी तपासल्याशिवाय हा कोड वाचणं म्हणजे रिकाम्या टाकीच्या गाडीचं इंजिन खोलणं.

स्कॅनरबद्दल एक. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचं तापमान दाखवतात, आणि पुष्कळ जण तोच आकडा गिअरबॉक्सचा समजतात. कुलंट ९० अंशांवर असताना गिअरबॉक्सचं तेल ४५ वरही असू शकतं. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये जाऊन ‘ऑइल टेम्परेचर’ वाचणारा स्कॅनर हवा. तो नसेल तर हे काम हाती घेऊ नये.

गाडी रात्रभर उभी होती, तेल ३१ अंशांवर. लिफ्टवर चारही बाजू सारख्या उचलून इंजिन चालू केलं. ब्रेक दाबून गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असा हळू नेला, प्रत्येक जागी दोन सेकंदांहून थोडं जास्त थांबत, मग तसाच परत, हे दोनदा. त्यामुळे सगळे क्लच आणि तेलाच्या वाटा भरतात. ५२ अंश झाल्यावर पी मध्ये, इंजिन चालू असताना पातळीचा प्लग काढला. एक थेंबही पडला नाही. भोकात बोट घातलं तर काठ ओला, आत तेल नाही.

प्लग परत लावून वरून ७०० मिली ओतलं. याच गिअरबॉक्सच्या तपासणीच्या पद्धतीत सुरुवातीला घालायचं माप म्हणून ७०० मिली सांगितलेलं आहे. पुन्हा दांडा फिरवला, प्लग काढला: अजून काही नाही. आणखी ५०० मिली. तेल तोवर ५७ अंशांवर आलेलं. आता प्लग काढताच आधी जाडसर धार आली, मग ती बारीक होत गेली, शिसपेन्सिलीच्या शिशाएवढी. तुटत नव्हती, जाडही होत नव्हती. ती बरोबर पातळी. म्हणजे गाडी जवळजवळ १.१ लिटर कमी तेलावर आठवडाभर चालली होती.

हे तेल गेलं कुठे? आधीच्या ठिकाणी साडेतीन लिटर निघालं, तेवढंच भरलं, इथपर्यंत ठीक. मग पातळी ‘पक्की करायला’ प्लग काढला आणि जास्तीचं वाहू दिलं. इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू असताना पंप तेल उचलून कन्व्हर्टर, झडपा, कुलर या सगळ्यांत खेळवत ठेवतो. खाली तळात उरतं ते कमी. बंद केल्यावर त्यातलं बरंच तेल तळाला परत येतं आणि पातळी भोकाच्या वर चढते. त्या वेळी प्लग काढला की चांगलं, हवं असलेलं तेल जाडजूड धारेने बाहेर पडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं जास्त झालं होतं. नंतर इंजिन चालू झालं की पंप तेच तेल वर उचलतो आणि तळ उघडा पडतो. सपाट रस्त्यावर कसंबसं भागतं. रॅम्पवर तेल एका बाजूला सरकतं, पंपाचं तोंड हवेत येतं, आणि गाडी ओढत नाही. सकाळचा ‘आर’ही त्यामुळेच उशिरा लागत होता.

तापमानाची चूक याहून छोटी, पण ती दोन्ही बाजूंनी होते. तेलाचं आकारमान दर अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ टक्के वाढतं. या गिअरबॉक्सची एकूण धारणा सात लिटरच्या आसपास; ३० अंशांचा फरक पडला तर दीडशे मिलीहून थोडा जास्त फरक. गार तेलावर पातळी लावली तर गरम झाल्यावर तेल जास्त होतं, फिरत्या भागांत घुसळून त्याला फेस येतो, आणि फेस म्हणजे पुन्हा पंपाला हवा. हायवेवरून थेट आलेल्या गाडीचं तेल ८५-९० अंशांवर असतं. तशीच पातळी लावली तर गार झाल्यावर कमी. जास्त झालं आहे का हे ठरवायला एक मापही आहे: तेल ५० ते ६० अंशांवर असताना प्लग उघडा ठेवून दोन मिनिटांत ९०० मिलीहून जास्त वाहिलं, तर तेल जास्त होतं. आणि फक्त पुढची चाकं रॅम्पवर चढवून केलेली तपासणी धरायचीच नाही. तशा गाडीत पातळी कितीने चुकली हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

पातळी लागल्यावर ‘आर’ लगेच बसायला लागला. तरी काम तिथे थांबवलं नाही, दोन कारणांनी. एक, कमी तेलावर क्लच किती भाजले हे बघणं भाग होतं. दोन, पहिला बदल झाला तरी आतलं निम्मं तेल जुनंच होतं.

हे निम्म्याचं गणित मालकांनी नीट समजून घ्यावं. ड्रेन प्लग उघडल्यावर साडेतीन लिटरच्या आसपास निघतं. उरलेलं कन्व्हर्टर आणि वाटांमध्ये अडकून राहतं. एकदा काढून भरलं की निम्मं नवं. परत केलं की पाऊण. तिसऱ्यांदा साडेसत्त्याऐंशी टक्के. पुढे दर वेळी फायदा निम्म्याने घटतो, त्यामुळे तीन पुरेत. एका वेळचं साडेतीन धरलं तर तीन वेळांना साडेदहा लिटर, पातळीसाठी थोडं वर, म्हणून बारा लिटर हाताशी असावं. दाबाने तेल बदलणाऱ्या मशीनने हे एका बैठकीत होतं. पण ज्या गाडीचं तेल पूर्वी कधीच बदललेलं नाही, तिच्यावर आमचा कल गुरुत्वाने काढून भरण्याकडेच. निघालेलं तेल मोजता येतं, बघता येतं, आणि मशीनने किती घेतलं यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

या गाडीला आणखी दोन फेऱ्या दिल्या. क्रम असा. आधी वरचा भरण्याचा बोल्ट सैल करून बघायचा, मगच खालचा ड्रेन प्लग. वरचा बोल्ट बसला असेल, निघत नसेल, तर खाली रिकामी झालेली गाडी लिफ्टवर अडकून पडते. तेल कोमट असावं, गरम नको; ९० अंशांचं तेल मनगटावर आलं तर फोड येतो. निघालेलं तेल मापाच्या खुणा असलेल्या भांड्यात मोजायचं, अंदाजाने नाही. ड्रेन प्लगचं वॉशर दर वेळी नवं. जुनं वॉशर एकदा दबलेलं असतं, ते पुन्हा आवळलं की पाझरतं आणि मग माणूस प्लग आणखी आवळतो. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं, आटे तिथेच जातात. प्लगला टॉर्क रेंचने ३.५ ते ४.५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण ३४ ते ४४ न्यूटन-मीटर. जितकं निघालं तितकंच वरून, लांब नळीच्या नरसाळ्याने, सावकाश. इंजिन चालू करून दांडा फिरवायचा, दहा मिनिटं चालू द्यायचं, मग दुसरी फेरी. शेवटच्या फेरीनंतर मात्र तापमान बघून पातळीची तपासणी पूर्ण करायची. मधल्या फेऱ्यांना मोजून भरणं चालतं.

निघालेल्या तेलाचे दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकले. तपकिरी, कडा किंचित लालसर, वास साधा. रंगावरून घाबरायचं नाही: लाल रंग हा कारखान्यात हे तेल इंजिन ऑइल किंवा कुलंटपासून वेगळं ओळखता यावं म्हणून घातलेला असतो, आणि तो टिकाऊ नसतो. बघायच्या त्या तीन गोष्टी. जळका, झोंबणारा वास आला तर क्लच भाजले आहेत. बोटांत चोळल्यावर करड्या लोण्यासारखा बारीक लगदा लागला तर ती नेहमीची झीज. काळे कण टोचले किंवा पितळी चमक दिसली तर नव्हे. आणि तेल सोलकढीसारखं दुधी-गुलाबी दिसलं तर त्यात कुलंट शिरलं आहे. ज्या गाड्यांत तेल रेडिएटरमधल्या कुलरमधून फिरतं त्यांत कुलरची भिंत फुटल्यावर असं होतं. अशी गाडी चालवत न्यायची नाही, उचलूनच न्यायची. पाण्याने क्लचप्लेटचं अस्तर सुटतं.

या गाडीच्या तेलात थोडे काळे कण होते, पितळ नव्हतं, वास नव्हता. क्लचला धग लागली, पण गाडी वेळेत आली.

तेल कोणतं, हा भाग थोडक्यात सांगता येतो, पण इथेच सर्वांत महागडी चूक होते. या गिअरबॉक्सला एसपी-४ दर्जाचं तेल लागतं. जुन्या चार-गिअर ऑटोमॅटिकचं एसपी-३ नव्हे. ते जास्त घट्ट, आणि त्यातली घर्षणाची रसायनंही वेगळी. दुकानदार ‘गिअर ऑइल’ म्हणून ८०डब्ल्यू-९० देतो ते मॅन्युअल गिअरबॉक्सचं. ‘सगळ्याला चालतं’ असं लिहिलेल्या डब्यावर बारीक अक्षरांत एसपी-४ चं नाव आहे का ते बघावं. नसेल तर घेऊ नये. चुकीच्या तेलाची खूण अशी की ५०-६० च्या वेगाने एकसारखं जाताना गाडी खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथरते. टॉर्क कन्व्हर्टरचा आतला क्लच पकड-सोड, पकड-सोड करत असतो.

आणि ‘क्रेटा’ एवढ्या नावावर तेल मागू नये. २०२० च्या नव्या क्रेटाला १.५ पेट्रोलबरोबर आयव्हीटी आली, म्हणजे साखळी-पुलीची, ठरावीक गिअर नसलेली सीव्हीटी. तिला सीव्हीटीचंच तेल. त्याच वर्षीच्या १.४ टर्बोला सात गिअरची दुहेरी क्लचची पेटी. डिझेलला सहा गिअरची ऑटोमॅटिक. नाव एक, तेलं निरनिराळी. गाडीच्या पुस्तकातलं तेलाचं कोष्टक आपल्या इंजिनाच्या ओळीत वाचायचं आणि त्याचा फोटो मेकॅनिकला दाखवायचा.

मग हे तेल बदलायचं कधी? पुस्तकात साध्या वापराला तपासणीची, बदलाची गरज नाही असं लिहिलेलं असतं, आणि ‘आयुष्यभराचं तेल’ हा शब्द तिथूनच पसरला. पुढचं पान फारसं कोणी वाचत नाही. तिथे कठीण वापराची यादी आहे आणि तशा वापराला साधारण लाख किमीच्या टप्प्यावर बदल सांगितला आहे. यादीत एक ओळ अशी: ३२ अंशांवरच्या उन्हाळी हवेत, शहरातल्या दाट रहदारीत निम्म्याहून जास्त वेळ गाडी चालणं. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे ऑफिसला जाणारी जवळजवळ प्रत्येक ऑटोमॅटिक या ओळीत बसते. रांगणाऱ्या रहदारीत टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो, त्या घसरण्याची सगळी उष्णता तेलात जाते, आणि थंड करायला समोरून वारा नसतो. म्हणून अशा गाडीला ६०,००० किमीला बदल करावा, लाखाची वाट बघू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काम संपल्यावर पंधरा किलोमीटरची फेरी, गायमुखच्या चढासह. दुसरा-तिसरा बदल नितळ, रॅम्पवर ओढ पूर्ण. कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेली मूल्यं पुसली नाहीत. गाडी सुधारली होती, आणि कारण नसताना ती पुसली की पुढचे काही दिवस गिअर उगाच हिसके देत बसतात. साठलेला कोड तेवढा पुसला. परत लिफ्टवर घेऊन तिन्ही प्लगांखाली कोरडा कागद फिरवला, डाग नाही. खालचं प्लास्टिकचं आच्छादन सगळ्या क्लिपांसह बसवलं.

निघालेलं सात लिटरच्या आसपास तेल बंद डब्यात ठेवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे दिलं. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. ते गटारात ओतायचं नाही, आणि फळ्यांना वाळवी लागू नये म्हणून मागायला येणाऱ्यालाही द्यायचं नाही.

बिलावर या वेळी लिहिलं: तेलाचा दर्जा एसपी-४, पातळीसाठी १.२ लिटर, त्यातलं थोडं धारेतून परत, दोन फेऱ्या साडेतीन-साडेतीन लिटरच्या, वॉशर नवे, पातळी ५६ अंशांना, इंजिन चालू, पी मध्ये. मालकाला सांगितलं, १,००० किमी झाल्यावर कोड साठला आहे का हे बघायला एकदा या, आणि त्याआधी सकाळचा ‘आर’ पुन्हा अडखळला तर गाडी चालवत न आणता फोन करा.